पातळ बिअरचा तपास

अमेरिकेला निघाले त्या दिवशी सकाळी माझ्या वडिलांनी माझ्या बॅगेची झडती घेतली. झडती हाच शब्द बरोबर आहे. अण्णा दारूबंदी खात्यात होते. जवान म्हणून लागले आणि दुय्यम निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. ओढ्याकाठच्या हातभट्ट्या शोधायच्या, जमिनीत पुरलेली पिंपं काठीने ठोकून ओळखायची, गवताच्या गंजीत हात घालून बघायचं, यात त्यांचा जन्म गेला. घरी आले तरी नाक आणि डोळे ड्युटीवरच असायचे. शेजारच्या लग्नाच्या पंगतीतही ते आधी पाण्याच्या पेल्याचा वास घ्यायचे.

बार्शीहून दुपारची पुण्याची एसटी होती, पुढे मुंबई आणि विमान. आदल्या दिवशी बॅग भरून, वर दोरी बांधून तयार होती. अण्णांनी जमिनीवर चादर अंथरली, दोरी सोडली आणि एकेक वस्तू बाहेर काढून चादरीवर मांडली. शेंगदाण्याच्या चटणीची पाकिटं, कुर्डया, दोन स्वेटर, सर्टिफिकिटांची फाइल. स्वेटरच्या बाह्या उलट्या करून बघितल्या. फाइलचं पान न् पान उलटलं. काय शोधताय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मला माहीत होतं. सुबोध माझ्या एक वर्ष आधी अमेरिकेला गेला होता. तिथे गेल्यावर रजिस्टर लग्न करायचं आम्ही ठरवलं होतं. त्याचं हाताने लिहिलेलं एक पत्र त्या फाइलमध्ये होतं. म्हणजे आदल्या दिवसापर्यंत होतं. सकाळी नव्हतं. अण्णांना ते आधीच सापडलंय आणि आता मी स्वतःहून कबूल करते का, हे ते बघतायत, अशी माझी खात्री झाली होती.

त्यांनी सगळं पुन्हा नीट भरलं. माझ्यापेक्षा नीट भरलं. एसटी स्टँडवर अण्णा चार पावलं लांब टाइमटेबल वाचत होते, तेव्हा आईने पोळ्यांचं फडकं हातात दिलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "पोळ्या गार व्हायच्या आत खा. आणि खालचा कागद फेकू नकोस." टेंभुर्णीच्या पुढे मी फडकं सोडलं. पोळ्यांच्या खाली सुबोधचं पत्र होतं, कडेला तूप लागलेलं.

चार महिन्यांनी फोनवर लग्नाचं सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले, "बरं." आणि फोन आईकडे दिला. पुढची बावीस वर्षं आमच्यात साधारण तेवढंच बोलणं झालं. पाऊसपाणी, तब्येत, बरं.

तुमच्यापैकी जे मागे राहिले त्यांना वाटत असेल की आम्ही इथे येऊन बदललो. जे माझ्यासारखे इथे आले त्यांना ठाऊक आहे की आपण बॅगेत काय भरलं याला फारसा अर्थ नसतो, कारण जे यायचं ते न भरताच येतं. माझ्याबरोबर अण्णांचं नाक आलं. आम्ही राहतो त्या कॅरी गावात एका औषधाच्या कंपनीत मी क्वालिटीमध्ये काम करते. दिवसभर कुणावर विश्वास ठेवायचा नाही, हाच माझा पगारी उद्योग. घरी दुधाचा कॅन उघडला की आधी वास, मग तारीख. सुबोध नागपूरचा, मोकळा माणूस. तो म्हणतो, यार, तू मला पण एक्स्पायरी डेट बघूनच निवडलं असणार.

बिअर मी करायला लागले ती त्याच्यामुळे. ऑफिसमधल्या कुणीतरी त्याला घरी बिअर करायचं किट गिफ्ट दिलं. त्याने एकदा केली, गॅरेजभर सांडली आणि सोडून दिली. मला मात्र तो वास ओळखीचा वाटला. आई कुर्डयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायची, त्या आंबलेल्या चिकाच्या वासाला हा वास फार जवळचा आहे. काम सोपं आहे पण लक्ष मागतं. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले आणि भाजलेले सातू, भरडून गरम पाण्यात, तापमापकाचा काटा बघत, तासभर मुरवायचं. त्याचं गोड पाणी गाळून उकळायचं, त्यात हॉप्सची कडवट फुलं घालायची, थंड करून यीस्ट टाकायचं आणि काचेच्या बुधल्यात दोन आठवडे झाकून ठेवायचं. मग बाटल्या. माझी काळसर बिअर ओळखीच्यांमध्ये बऱ्यापैकी नावाजली गेली. मैत्रिणीच्या घरी पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायचं जेवण, असलं की भाजीऐवजी तीच मागायचे. व्हिडिओ कॉलवर मागे बुधला दिसला की मी आईला कांजी म्हणून सांगायचे. आई हसायची. ती सगळं ओळखून हसायची, असा मला आता संशय आहे.

आई गेली. वर्षभराने मार्चमध्ये अण्णा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. त्यांना एअरपोर्टवरून आणायला सुबोध गेला, तेवढ्या वेळात मी गॅरेजमधलं सगळं सामान उचलून कोपऱ्यातल्या कपाटात कोंबलं. घाईत दोनदा हातातून काहीतरी पडलंही. बाटल्यांवर जुनी रजई टाकली. शेहेचाळीस वर्षांची बाई, स्वतःच्या घरात, स्वतःच्या बापाच्या भीतीने मुद्देमाल लपवत होते.

त्याच दिवशी जेवायच्या आधी अण्णा हात धुऊन गॅरेजच्या दाराशी थबकले. दार बंद होतं.

"इथे काय आंबतंय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "सुबोधचं आहे. त्याला नाद आहे घरी बिअर करण्याचा."

सुबोधच्या हातातली डाव वरणात तशीच राहिली. वर्षातून दोन ग्लास पिणारा माणूस तो. पण त्याने मान हलवली, आणि त्या दिवसापासून अण्णांच्या नजरेत जावई आरोपी झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "सुबोधराव, परवाना?" घरच्यापुरती केली तर इथे परवाना लागत नाही, हे सांगून पटेना. शेवटी सुबोधने नियमाचा कागद प्रिंट करून दिला. अण्णांनी तो चष्मा लावून, इंग्रजी शब्दांखाली पेन्सिलीने रेघा मारत, दोन दिवस वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

मग शनिवारची भट्टी लावायची पद्धत बदलली. सुबोध ॲप्रन घालून भांड्यापाशी उभा, आणि मी बाजूला कपड्यांच्या घड्या घालण्याच्या निमित्ताने हळू आवाजात त्याला सांगणार. आता ढवळ. आता झाकण ठेव. अण्णा स्वयंपाकघराच्या खिडकीत चहा घेऊन बसलेले असायचे.

त्या पहिल्या घाण्याची बाटली एप्रिलच्या शेवटी उघडली. रंग ठीक, फेस ठीक. घोट घेतला आणि तोंडात काहीच थांबलं नाही. बिअरला अंगच नव्हतं. ताकात कुणी तांब्याभर पाणी घालावं तशी पाणचट, आणि भाजक्या सातूची चव कुठे तरी लांब गेलेली. मैत्रीण मेघनाकडच्या बार्बेक्यूला दुसरं काही नव्हतं म्हणून तीच नेली. मेघना म्हणाली, "लाइट आहे, समरसाठी छान." मराठी माणूस छान म्हणताना दुसरीकडे बघायला लागला की काय समजायचं ते मी समजले.

मी पुढचा घाणा केला. तसाच पातळ. आता माझ्यातली क्वालिटीवाली जागी झाली. आधी दुकानावर संशय घेतला, माल्ट दुसरीकडून मागवलं. मग पाण्यावर, नळाचा फिल्टर बदलला. मग झालेल्या बिअरला दुरुस्त करायला गेले. दाटपणा येण्यासाठी एक पांढरी, बिनचवीची पूड मिळते, ती पाण्यात उकळून घातली. बिअर दाट झाली खरी, पण पिठाचं पाणी ढवळून प्यावं तशी. अर्ध्या बुधल्यात हॉप्सची फुलं नुसती भिजत घातली. वास सुरेख आला, आणि वासाच्या मागे गेलं की घर रिकामं.

तोवर एक गोष्ट मनात पक्की बसली होती. मी आठ वर्षं बिअर करत होते आणि ती अण्णा आल्यापासून बिघडली होती. आयुष्यभर रसायन, म्हणजे भट्टीवरचं आंबवण, ओतून देणारा माणूस. पिंपात पाणी घालून माल वाया घालवणं हे तर त्यांच्या खात्यात सगळ्यांना येत असणार. मी बुधल्यावर पातळीच्या रेघेशी पेनाने खूण केली. कपाटाच्या दाराला खाली, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी, चिकटपट्टी लावली. तीन दिवसांनी पट्टी सुटलेली होती. पातळी मात्र केसभरही बदलली नव्हती.

यावरून माझं समाधान व्हायला हवं होतं. झालं उलटंच. पातळी तीच आणि पट्टी सुटलेली, म्हणजे कुणीतरी काढून तेवढंच पाणी भरत होतं. आणि काढणारे अण्णा असणार नाहीत. अण्णांनी उभ्या आयुष्यात थेंब घेतलेला नाही. घरात चौथं माणूस एकच होतं.

इरा तेव्हा सतरा वर्षांची. माझी लेक इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. त्या वसंतात ती खोलीचं दार लावून घ्यायला लागली होती, फोन उलटा ठेवायला लागली होती. मेअखेरच्या एका रविवारी दुपारी ती आंघोळीला गेली आणि मी तिच्या खोलीत गेले. शाळेची बॅग पलंगावर होती. उघडली. स्वेटशर्ट, अर्धा खाल्लेला ग्रॅनोला बार, कॅल्क्युलेटर, स्टीलची पाण्याची बाटली. मी बाटलीचं झाकण काढलं आणि नाकाशी नेली.

दारात केस पुसत इरा उभी होती. तिच्यामागे पॅसेजमध्ये अण्णा.

"मॉम," ती म्हणाली, "आर यू स्मेलिंग माय वॉटर बॉटल?"

बाटलीत लिंबाची फोड घातलेलं पाणी होतं. मी बिअरचं काहीतरी बोलायला गेले, ते आणखी वाईट झालं. म्हणजे मी चोरून पिते असं तुला वाटतं, असं तिने विचारलं, इंग्रजीत, आवाज अजिबात न चढवता. मी नाही म्हणाले नाही. तिने माझ्या हातातून बाटली घेतली, झाकण लावलं, बॅगेत ठेवली आणि मी बाहेर जाईपर्यंत बॅगेची चेन धरून उभी राहिली. मग दार लागलं. पुढचे नऊ दिवस ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही. जेवताना अण्णांशी बोलायची. त्यांचं इंग्रजी आणि तिचं मराठी, दोन्ही अर्धवट, पण त्यांचं जमत होतं. मी कोशिंबीर वाढली की ती "थँक यू" म्हणायची. आपल्या पोराने आपल्याला थँक यू म्हणावं यासारखी शिक्षा नाही.

दहाव्या दिवशी दुपारी मी घरून काम करत होते. अण्णा माझ्या टेबलाशी आले, आणि समोरची खुर्ची ओढून बसले. ते सहसा असे बसत नाहीत. त्यांच्या हातात एक वही होती, दोनशे पानी, बार्शीहून आणलेली.

"तुझी बॅग मी उघडली होती," ते म्हणाले. "तेव्हा तुला काय वाटलं ते तू मला आजपर्यंत सांगितलं नाहीस. ही पोरगी तरी तुझ्या तोंडावर बोलली."

मी लॅपटॉप मिटला. बावीस वर्षांत त्या सकाळचा उच्चार आमच्यात पहिल्यांदा होत होता.

"कपाट मी उघडत होतो," ते पुढे म्हणाले. "पोरीवर संशय घेऊ नकोस." आणि वही माझ्यापुढे सरकवली.

त्यात पंचनाम्याच्या भाषेत नोंदी होत्या. अक्षर थोडं थरथरतं, पण समास सोडून, तारीख घालून. गॅरेजच्या ईशान्य कोपऱ्यातील कपाटात काचेचा बुधला एक, आत तपकिरी रसायन, वास आंबूस गोड. बुडबुडे सुरू. मग दोन दिवसांनी, बुडबुडे मंद. मग, नवसागर आढळला नाही. तुरटी आढळली नाही. स्पिरिटचा वास नाही. पानामागून पानं. ते माल पकडायला आले नव्हते. आमच्या घरात विष तयार होत नाही ना, एवढंच ते एकटे तपासत होते.

मग त्यांनी सांगितलं. एका गावातली हातभट्टीची विषारी दारू पिऊन माणसं गेली होती. शाळेच्या ओसरीवर ओळीने निजवलेली त्यांनी पाहिली. काही वाचली, त्यांची दृष्टी गेली. भट्टीवाला अण्णांच्या ओळखीचा होता. त्याच्या घरी चहा प्यायले होते, पोरांची चौकशी केली होती, आणि भला माणूस आहे म्हणून त्याच्या मागच्या खोलीकडे कधी बघितलं नव्हतं. "त्या दिवसापासून भला माणूस दिसला की मी आधी मागची खोली बघतो," ते म्हणाले. "सुबोधराव भले आहेत. म्हणून बघितली."

हे त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं. मी विचारलं, कधी झालं हे. मी नववीत असताना, म्हणाले. माझी दप्तरं, खिसे, वह्यांची कव्हरं तपासायला त्यांनी तेव्हापासूनच सुरुवात केली होती. मला वाटायचं मी मोठी झाले म्हणून.

"अण्णा," मी म्हणाले, "ती बिअर सुबोधची नाही. माझी आहे."

"ते पहिल्या आठवड्यात कळलं. सुबोधरावांना वास आला की ते तोंड फिरवतात. तू वाकून घेतेस."

मी हसले, आणि हसताना रडूही आलं, तेव्हा ते खिडकीबाहेर बघत बसले. मग वहीच्या मागच्या पानांवर बोट ठेवून म्हणाले, "हे वाच." तिथे लिहिलं होतं, तापमापक, काट्याचा, एक. बर्फाच्या पाण्यात पाच मिनिटे ठेवला. काटा साडेचारवर. खाली दुसरी तारीख, पुन्हा साडेचार. उकळत्या पाण्यात, एकशे चारच्या पुढे.

मी ते दोनदा वाचलं. बर्फाच्या पाण्यात काटा शून्यावर हवा. माझा तापमापक खोटं बोलत होता, साडेचार डिग्री जास्त दाखवत होता. ज्या दिवशी मी घाईने सगळं कपाटात कोंबलं, त्या दिवशी हातातून पडलेल्या वस्तूंत तो होता. अण्णांपासून बिअर लपवताना मीच तो बिघडवला होता, आणि त्यानंतर दुकान, पाणी, बाप, लेक, सगळ्यांवर संशय घेतला. कंपनीत माझ्या सहीशिवाय एक काटा वापरात येत नाही. घरचा मी एकदाही तपासला नव्हता.

"तुम्हाला हे माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही," अण्णा म्हणाले. आणि मग, "मला वाटलं, पातळ होतेय तर होऊ दे. माणसं कमी झिंगतील."

मी त्यांना समजावून सांगितलं. माल्ट मुरताना पाणी हवं त्यापेक्षा थंड राहिलं तर सातूतली जवळजवळ सगळी साखर यीस्टला खाता येईल अशी सुटते. यीस्ट ती खाऊन टाकतं, तोंडाला लागेल असं मागे काही उरत नाही. पाणी थोडं जास्त गरम असेल तर न खाता येणारी साखर राहते, तेच बिअरचं अंग. म्हणजे पातळ लागते ती बिअर हलकी नसते. उलट थोडी जास्तच चढते.

अण्णांनी वही मिटली. "म्हणजे चव जाते आणि नशा राहते?"

"हो."

"मग दुरुस्त कर," ते म्हणाले.

संध्याकाळी मी इराच्या दाराशी गेले आणि ठोठावलं. माफी मागितली. कारणं दिली नाहीत, कारण कारणं दिली की ती माफी राहत नाही, हे मला दुपारी अण्णांनी आधी नुसतं 'कपाट मी उघडत होतो' एवढंच म्हटलं तेव्हा कळलेलं होतं. तिला माझ्या बॅगेची, पत्राची, पोळ्यांच्या फडक्याची गोष्ट सांगितली. ती ऐकता ऐकता पलंगावर सरकली आणि मला बसायला जागा झाली. मग म्हणाली की मला पहिल्यांदाच कळतंय की तू कुणाची तरी मुलगी आहेस. हे ती इंग्रजीत म्हणाली, मराठीत इतकं सरळ म्हणता आलं नसतं.

आम्ही बोलत होतो तेव्हा अण्णा पॅसेजमध्ये होते, हे मला नंतर कळलं. जेवताना इराने त्यांना विचारलं, आजोबा, तुम्हाला ते लेटर का नाही सापडलं. मी चमकले. आईने पत्र लपवलं होतं हे मी अण्णांना कधीच सांगितलं नव्हतं आणि आता आई नव्हती.

अण्णांनी आमटीचा घोट घेतला. "बाईमाणसाची झडती घ्यायला बाईच लागते," ते म्हणाले. "तसा नियम आहे. तुझ्या आजीची झडती मी कशी घेणार?"

इराला कळायला वेळ लागला, सुबोधने तिला इंग्रजीत सांगितलं तेव्हा ती हसली. मी हसले नाही. म्हणजे त्यांना ठाऊक होतं की पत्र आईकडे आहे. ठाऊक असून ते एसटी स्टँडवर चार पावलं लांब जाऊन टाइमटेबल वाचत उभे राहिले होते. की हे त्यांना ऐनवेळी, ताटावर बसल्या बसल्या सुचलं, आईला आणि मला दोघींना सोडवायला? मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. चौकशीची सवय असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर काही मिळत नाही.

त्या शनिवारी आम्ही भट्टी लावली, गॅरेजचं दार पूर्ण उघडं ठेवून. सुबोधने ॲप्रन काढून मला दिला आणि क्रिकेट बघायला निघून गेला. तापमापकाच्या तबकडीच्या मागे एक छोटा नट असतो, तो फिरवून काटा जागेवर आणता येतो. अण्णांनी तापमापक बर्फाच्या पेल्यात सरळ धरला आणि मी पक्कडीने नट फिरवला. शून्य. त्यांनी इराला हाक मारून तिलाही बघायला लावलं, कारण दोन पंच लागतात. मग माल्ट. या वेळी त्यात थोडं खरपूस गोडसर माल्ट आणि मूठभर ओट्स जास्त घातले आणि पाणी अडुसष्ट डिग्रीच्या वर धरलं. तासभर झाकण ठेवून आम्ही घडीच्या खुर्च्यांवर बसलो. समोरून कुत्रा फिरवत जाणारे शेजारी हात करून जात होते. अण्णांनी आईबद्दल काही सांगितलं. शेवटच्या आजारात ती कुर्डयांचा चीक मागायची आणि यांना तो करता आला नाही. दुकानातून आणलेला तिने चाखून बाजूला ठेवला. "चव नव्हती म्हणाली," अण्णा म्हणाले. गव्हाला किती दिवस लागतात, असं त्यांनी मला विचारलं. मी तीन म्हणाले. ते मान हलवत राहिले, जणू मी त्यांना फार अवघड काहीतरी सांगितलं.

बाटल्या तयार झाल्या जुलैच्या मध्याला. चांगली झाली होती. घोट तोंडात थांबत होता, गिळल्यावरही सातूचा खरपूसपणा मागे रेंगाळत होता. मेघनाने दुसरा ग्लास स्वतःहून भरून घेतला आणि माझ्याकडे बघत छान म्हणाली. इराने चाखू का विचारलं, मी एकवीसपर्यंत नाही म्हणाले, तिने खांदे उडवले. अण्णांनी ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटून वास घेतला आणि परत ठेवला.

ऑगस्टच्या शेवटी इरा कॉलेजला ओहायोला गेली आणि सप्टेंबरात अण्णा परत गेले. त्यांच्या जायच्या दिवशी मी ऑफिसमधून दुपारी लवकर आले. अण्णा पलंगावर पडले होते. स्वयंपाकघरात सिंकशेजारी फडक्यावर एक ग्लास धुऊन उपडा घातलेला होता. आमच्या घरात पाण्याला स्टीलचे पेले आहेत. काचेचा तो उंच ग्लास फक्त बिअरसाठी काढतो. सुबोध ऑफिसमध्ये होता, इरा ओहायोत. मी ग्लास उचलला. नाकापर्यंत नेणार होते.

नेला नाही. पुसून कपाटात ठेवला आणि चहा टाकला.

परवा मामेभावाचा फोन आला होता. सकाळी मैदानावर पेन्शनरांचा कट्टा जमतो, तिथे अण्णांना कुणीतरी विचारलं, मुलगी तिकडे काय करते. अण्णा म्हणाले म्हणे, औषधाच्या कंपनीत आहे आणि घरी बिअर करते. मग एकाने विचारलं, कशी करते? "अंगाला भरलेली असते," अण्णा म्हणाले, आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

वासावरून अंग कळतं का, हा प्रश्न मला पडला आहे. मी त्यांना फोनवर विचारू शकते. आता आमचं तेवढं बोलणं होतं, रोजच होतं. पण बार्शीचं घर आणि कॅरीचं घर या दोन्ही ठिकाणी माझ्याबद्दल झाकून ठेवण्यासारखं आता काही उरलेलं नाही. आणि अण्णांकडे झाकण्यासारखं एखादं काही असलंच, तर ते त्यांच्याकडे राहू द्यावं, इतपत मी त्या दोन्ही घरांची झाले आहे.